सोसायटीची कमिटी, आपला माणूस आणि ठेका

तिसरामजला

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमची ७२ फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी आहे. गेल्या उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पश्चिमेकडच्या भिंतीचं प्लास्टर करून घेतलं. खर्च साडेअकरा लाख. विषय सर्वसाधारण सभेत आला होता, तीन कोटेशनं आली होती, सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम दिलं. कागदोपत्री सगळं जागच्या जागी. पावसाळ्यात कळलं की तो ठेकेदार आमच्या खजिनदारांचा सख्खा मेहुणा आहे. कमिटीतल्या दोघांना हे आधीपासून ठाऊक होतं. सभेत कोणीच बोललं नाही.

खजिनदारकाकांबद्दल आधी सांगते. कोविडमध्ये शेजारच्या विंगमधल्या आजोबांना ऑक्सिजन लागला तेव्हा रात्री गाडी काढली ती त्यांनीच. पंप बिघडला की पहिला फोन त्यांना जातो. म्हणून हा विषय काढला की लोक म्हणतात, "अगं, काम स्वस्तात झालं ना? मग आता कशाला उकरून काढतेस?" दर बाजारभावाच्या आसपासच होता. मी दोन ठिकाणी चौकशी केली आहे.

माझी अडचण पुढची आहे. कामाला सात वर्षांची हमी आहे. जुलैत सातव्या मजल्यावरच्या दोन घरांत छताला ओल आली. ठेकेदाराला पत्र पाठवायचं ठरलं, ते पत्र अजून गेलेलं नाही. बिलातले पाच टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचे असं ठरावात होतं, ते ऑगस्टमध्येच देऊन झाले. चेकवर एक सही खजिनदारांची. सातव्या मजल्यावरच्या काकू ज्याला त्याला विचारतात आणि सगळे मान खाली घालतात, कारण ज्याला जाब विचारायचा त्याच्या बहिणीच्या घरी आपण दर वर्षी गणपतीला जातो.

काम देताना नातं होतं की नव्हतं यावरच सगळे वाद घालतात. मला वाटतं, खरी गोम काम दिल्यानंतर कळते. मापं कोण तपासणार, जादा बिल आलं तर अडवणार कोण, गळलं तर नोटीस कोण काढणार? या प्रत्येक ठिकाणी सोसायटीच्या बाजूने बोलायला बसवलेला माणूस समोरच्याचा सोयरा निघतो. दर कमी होता हे उत्तर तिथे उपयोगाचं नाही.

कायदा काय म्हणतो आणि शेजारसंबंध न तोडता हे मार्गी कसं लावायचं, दोन्ही हवंय. अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.

मुलुंडचा माजी सेक्रेटरी

ताई, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मी अनेक वर्षं सेक्रेटरी होतो. पाच-दहा लाखांच्या कामाला चांगले ठेकेदार फिरकतही नाहीत. "येतो साहेब, शनिवारी बघून जातो" म्हणतात आणि शनिवार येतो नि जातो. तीन कोटेशनं मिळवायला मला एकेकदा दोन महिने लागले आहेत. अशा वेळी कमिटीतला कोणी म्हणाला की माझ्या ओळखीचा आहे, मी त्याला आणतो, तर हायसं वाटतं.

आणि कमिटीत यायला कोण तयार असतं? वार्षिक सर्वसाधारण सभेला (एजीएम) कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबून तहकूब सभा घ्यावी लागते. निवडणुकीत जितक्या जागा तितकेही अर्ज येत नाहीत. फुकट काम, वर शिव्या. त्यात प्रत्येक ओळखीवर संशय घ्यायला लागलो तर उरलेलेही घरी बसतील, प्रशासक येईल आणि त्याचा पगार आपल्याच मेंटेनन्समधून जाईल. प्रशासकाच्या काळात साधी पाण्याची टाकी धुवायलाही कशा नाकदुऱ्या काढाव्या लागतात ते मी पाहिलंय.

राखीव रक्कम मुदतीआधी दिली हे मात्र चूकच. त्याचं समर्थन मी करणार नाही.

जुना ऑडिटर

गृहनिर्माण संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरी आणि नंतरची बरीच वर्षं गेली. कायद्यापासून सुरुवात करतो, कारण बऱ्याच जणांची समजूत अशी असते की नातं आधी सांगितलं की झालं.

आपल्याकडे तसं नाही. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, स्पष्ट तरतूद आहे की समिती सदस्याचा संस्थेने केलेल्या करारात, संस्थेने विकलेल्या वा विकत घेतलेल्या मालमत्तेत किंवा संस्थेच्या इतर व्यवहारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये. अपवाद मोजके आहेत: संस्थेत ठेवलेली गुंतवणूक, संस्थेकडून घेतलेलं कर्ज, संस्थेच्या पगारी नोकराला दिलेली राहायची जागा. म्हणजे नुसतं जाहीर करून भागत नाही, हितसंबंध असायलाच बंदी आहे. सगळा वाद होतो तो 'अप्रत्यक्ष' कुठपर्यंत यावर. बायकोच्या नावाची फर्म असेल तर कोणी हुज्जत घालत नाही. मेहुणा, व्याही, भाचा इथे प्रकरण पुराव्यावर जातं. त्या धंद्यात सदस्याचे पैसे आहेत का, भागीदारी आहे का, पैसा फिरून घरी येतो का, हे दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट समितीतल्या बाकीच्यांसाठी. समितीच्या निर्णयांची जबाबदारी संयुक्तही आहे आणि वैयक्तिकही. ज्या दोघांना नातं माहीत होतं आणि ते गप्प बसले, ते "आम्ही काय केलं?" असं म्हणू शकत नाहीत. पुढे संस्थेचं नुकसान सिद्ध झालं आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ खाली वसुलीची वेळ आली, तर नोटीस त्यांच्याही दारात येते.

आता प्रत्यक्षातलं. व्हाउचर तपासताना ऑडिटरला नातं दिसत नाही, आडनाव वेगळं असतं. पण फाइल बोलते. तीनही कोटेशनांवर एकच तारीख, तीच मांडणी, तीच शुद्धलेखनाची चूक. दोघांच्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही, तिसऱ्याच्या आहे आणि काम त्यालाच. मोजमापाचा तक्ता न जोडता रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, मंजूर. मूळ दर कमी आणि नंतर 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून वीस-तीस टक्के वाढ. ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त. यातली एक गोष्ट दिसली तर गबाळेपणा म्हणता येईल. दोन-तीन एकत्र दिसल्या की मी सेक्रेटरीला समोर बसवून विचारत असे.

मालक कोण हे शोधणं आता सोपं आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की फर्मचं कायदेशीर नाव येतं, आणि एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर तिथे त्या माणसाचंच नाव असतं. टीडीएस कापायला संस्थेने ठेकेदाराचा पॅन घेतलेला असतोच. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. कंपनीचे संचालक कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. हे काम निवड करण्याआधी दहा मिनिटांत होतं.

अबोली

पाचव्या मजल्यावरून कोणी आवाज उठवला तर "बाईला कमिटीत यायचंय वाटतं" हे पहिलं वाक्य कानावर येतं, निदान आमच्याकडे. तिसरामजला, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

बावधनहून

आमच्याकडे पाण्याचा टँकर. पुण्याच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात मेंटेनन्समधला मोठा हिस्सा टँकरवर जातो. आमच्या तेव्हाच्या चेअरमनच्या पुतण्याचे टँकर होते. दर इतरांइतकाच, पाणी वेळेवर, कुणाचीही तक्रार नाही.

पण महापालिकेच्या जोडणीची फाइल जागची हलत नव्हती. कागद अपुरे, शुल्क भरायचं राहिलं, इंजिनीअर भेटला नाही, दर बैठकीत नवं कारण. बोअरवेलच्या पुनर्भरणाचा प्रस्ताव आला तोही "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बाजूला पडला. समिती बदलल्यावर तीच फाइल एका हंगामात पुढे गेली. त्या गृहस्थांनी मुद्दाम अडवलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कदाचित त्यांनाही ते जाणवलं नसेल. पण टँकर बंद व्हावा अशी ज्याला घाई नाही, त्याच्याच हातात टँकर बंद करायचं काम होतं.

ऑडिटमध्ये हे कुठेच येत नाही, कारण न झालेल्या कामाचं व्हाउचर नसतं.

तिसरामजला

बावधनहून, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. मला नेमकं हेच म्हणायचं होतं. आमच्याकडेही चुकीचा चेक एकच आहे. खरं नुकसान आहे ते न गेलेल्या पत्रात.

खाडीपलीकडे

करार नसेल तर काय? आमचे चेअरमन इस्टेट एजंट आहेत. सोसायटीशी त्यांचा एक रुपयाचा व्यवहार नाही. मात्र भाडेकरू त्यांच्यामार्फत आला की पोलिस व्हेरिफिकेशनच्या कागदापासून मूव्ह-इनपर्यंत सगळं दोन दिवसांत होतं. दुसऱ्या एजंटकडून आला की कमिटीची बैठकच लागत नाही. फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराला सांगतात, एनओसीला वेळ लागेल, शिवाय बिल्डिंग फंडाला देणगी द्यावी लागेल. नवी मुंबईत हे इतकं रुळलंय की लोक दलालीचाच भाग समजून देऊन टाकतात.

जुना ऑडिटर

खाडीपलीकडे, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग करतो.

देणगी. सदनिका हस्तांतरणाला प्रीमियम किती घ्यायचा याची कमाल मर्यादा ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरवून दिली आहे. महापालिका हद्दीत ती २५,००० रुपये. त्यावर देणगी, विकास निधी, सदिच्छा निधी अशा कुठल्याही नावाने घेता येत नाही. भाड्याने दिलेल्या घरावरचं भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. सदनिका विकायला संस्थेची एनओसी उपविधींनुसार मुळात आवश्यकच नाही, हेतूची सूचना पुरते. बँकेला कर्जासाठी एनओसी लागते ती गोष्ट वेगळी.

चेअरमनचा धंदा. तुमचं बरोबर आहे, संस्थेशी करार नसला की उपविधीतली ती बंदी लागू करणं कठीण जातं. इथे अधिकार हेच भांडवल आहे. अशा ठिकाणी माणसाच्या हेतूमागे लागू नका, त्याच्या हातातली ढिलाई काढून घ्या. भाडेकरूचा अर्ज कुठल्या नमुन्यात, कुठले कागद, पोच कोण देणार, किती दिवसांत निकाल, हे सर्वसाधारण सभेत ठरवून नोटीस बोर्डावर लावा. अर्जांची नोंदवही सेक्रेटरीकडे ठेवा. तारखा शेजारी शेजारी आल्या की कोणाचा अर्ज दोन दिवसांत आणि कोणाचा दोन महिन्यांत हे सगळ्यांना दिसतं.

रेघोट्या

मी आर्किटेक्ट आहे, पुनर्विकासाची कामं पाहतो. साडेअकरा लाखांच्या प्लास्टरवर हा धागा थांबू नये, कारण खरी मोठी रक्कम पुनर्विकासात असते आणि तिथेच सोसायट्या सर्वांत गाफील असतात.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे शासनाचे पुनर्विकासाबाबतचे निर्देश पहिल्यांदा ३ जानेवारी २००९ ला आले, सुधारित ४ जुलै २०१९ ला. विकासक हा समिती सदस्य किंवा पदाधिकारी असू नये, त्यांचा नातेवाईकही असू नये, असं त्यांत सरळ लिहिलंय. विकासकाची निवड सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरण करून, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने. विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यायची. उच्च न्यायालयाने हे निर्देश सक्तीचे नसून मार्गदर्शक असल्याचं वेळोवेळी म्हटलंय, म्हणून काही समित्या त्यांना हात लावत नाहीत. मी म्हणेन, सक्ती नसली तरी पाळा.

मात्र सगळ्यांची नजर विकासकावर असते आणि नातं शिरतं ते आधीच्या पायरीवर. प्रकल्प सल्लागार नेमताना. टेंडर कोण लिहितं? सल्लागार. पात्रतेच्या अटी, उलाढाल किती, आधीचे प्रकल्प किती, हे तो ठरवतो. दोन अटी अशा घातल्या की आठातले सहा विकासक दारातच बाद होतात आणि उरलेल्या दोघांतून सभासद अगदी मोकळेपणाने, चित्रीकरणासह निवड करतात. सल्लागाराची फी विकासकाने भरायची असं ठरलं की तो कोणाचा माणूस हा प्रश्नच राहत नाही. फी सोसायटीने द्या, हप्त्याने का होईना. नंतर विकासकाकडून भरपाई घ्या, पण चेक सोसायटीच्या खात्यातूनच निघू द्या.

दुसरी जागा म्हणजे बाजूची पत्रं. मूळ करारात सर्वांना सारखे टक्के, आणि दोन-तीन पदाधिकाऱ्यांना वेगळ्या पत्राने जादा चटईक्षेत्र, वरचा मजला, दुसरं पार्किंग. यावर मी एकच उपाय लावतो. प्रत्येक सभासदाचं नाव, जुनं क्षेत्र, नवं क्षेत्र, मजला, पार्किंग, कॉर्पस (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम), भाडं यांचा तक्ता विकास कराराला परिशिष्ट म्हणून जोडायचा. सोबत एक कलम टाकायचं की या तक्त्याबाहेर कोणत्याही सभासदाला विकासकाकडून काहीही मिळणार नाही, मिळाल्यास ते संस्थेचं. हे कलम वाचल्यावर ज्याचा चेहरा पडतो तो मला ओळखता येतो.

सिंहगडरोड

रेघोट्या, परिशिष्टाची सूचना आमच्या समितीला लगेच पाठवली. आमची पहिली सभा दिवाळीनंतर आहे.

पॅसिफिककाठ

मी बऱ्याच वर्षांपासून कॅलिफोर्नियात आहे आणि सध्या आमच्या घरमालक संघटनेच्या बोर्डावर आहे, म्हणून इकडची पद्धत लिहितो.

इथे हितसंबंधावर सरसकट बंदी नाही. घरमालक संघटनांसाठीचा इथला डेव्हिस-स्टर्लिंग कायदा १९८५ चा. त्यानुसार काही बाबतींत संचालकाने मत द्यायचंच नाही: त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई, त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई, त्याच्या थकबाकीचे हप्ते, त्याच्या घरावर जप्ती, त्याच्या घरातल्या बदलांना मंजुरी, सामाईक जागेचा तुकडा फक्त त्याला वापरायला देणं. ठेक्यांबाबत, संचालकाचा संबंध असेल तर सगळी माहिती उघड करावी लागते, त्याचं मत न धरता बाकीच्यांनी मंजूर करावं लागतं आणि व्यवहार संस्थेच्या दृष्टीने रास्त असावा लागतो. आमच्याकडे बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतात, आजच्या विषयांत कोणाचा संबंध आहे का? ज्याचा असेल तो सांगतो, त्या विषयाला उठून बाहेर जातो, वेळेसह इतिवृत्तात नोंद होते. कोणाला अपमान वाटत नाही, कारण प्रश्न सगळ्यांना आणि दर वेळी विचारला जातो.

पण इकडचं सगळं आदर्श आहे असं कुणी समजू नये. लास वेगासचं प्रकरण इथे बोर्डावर येणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. साधारण २००३ ते २००९ या काळात एका बांधकाम ठेकेदाराने दहाहून अधिक संकुलांत दुसऱ्यांच्या नावाने घरं घ्यायला लावली, त्या नामधारी मालकांना बोर्डावर निवडून आणलं, त्यासाठी मतपत्रिकांत फेरफार केले. मग त्या बोर्डांनी बिल्डरवर निकृष्ट बांधकामाचे दावे लावायचे, वकील ठरलेला, आणि दुरुस्तीचं काम याच ठेकेदाराला. एफबीआयचे छापे २००८ मध्ये पडले. चाळीसच्या आसपास लोक दोषी ठरले, त्यांत वकील होते, निवृत्त पोलिस होते. सूत्रधाराला २०१५ मध्ये पंधरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

तिथे नातं जाहीर करायचे सगळे नियम होते. बोर्डावरचे बहुसंख्य एकाच माणसाचे झाले की बाहेर जाणारा आणि आत बसून मत देणारा यांत फरक उरत नाही.

मुलुंडचा माजी सेक्रेटरी

पॅसिफिककाठ, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना प्रश्न विचारायची पद्धत मला मनापासून पटली. आपल्याकडे सरसकट बंदी आहे म्हणूनच लोक लपवतात असं मला वाटायला लागलंय. खजिनदार सभेत म्हणाले असते की हा माझा मेहुणा आहे, तर कोणी तरी उपविधी उघडून दाखवला असता आणि त्यांनाच पद सोडावं लागलं असतं. सांगणाऱ्याला शिक्षा, गप्प बसणाऱ्याला काही नाही. मग सांगेल कोण? उघड करा, बाजूला व्हा, काम चांगलं असेल तर घ्या, एवढं पुरे नाही का?

जुना ऑडिटर

नाही पुरे. सहाशे-हजार घरांच्या वसाहतीत पुरेल, तिथे संचालक एकमेकांना ओळखतही नसतात. आपल्या ४०-७० घरांच्या सोसायटीत खजिनदार बाहेर गॅलरीत उभे राहिले तर आत बसलेले कोण असतात? त्यांचेच ट्रेकचे सोबती, भिशीतले भागीदार, मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे असलेले. गॅलरीतला माणूस त्या खोलीत असतोच. बाजूला होणं ही पहिली पायरी झाली. पण मेहुण्याला काम द्यायचंच असेल तर काकांनी समितीतून बाहेर पडावं. राजीनामा द्यावा, काम पूर्ण होऊ द्यावं, हमीचा काळ संपला की पुन्हा निवडून यावं. याला शिक्षा का म्हणायचं? पदावर नसताना पंप बिघडला तर ते येणार नाहीत थोडेच.

लपवण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. म्हणून माझा भर कागदावर आहे. सभासदाला संस्थेची कोणती दप्तरं पाहता येतात ते कलम १५४बी-८ मध्ये दिलंय. सर्वसाधारण सभेची आणि समितीची इतिवृत्तं त्यात आहेत. हिशेबाच्या पुस्तकांपैकी मात्र ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार आहेत तेवढाच भाग. म्हणजे ठेकेदाराचं बिल मागितलं तर समिती नाही म्हणू शकते, आणि म्हणते. इतिवृत्त नाकारता येत नाही. म्हणून जे काही उघड करायचं ते इतिवृत्तात आलं पाहिजे: कोणाचा संबंध, काय संबंध, कोण बाहेर गेलं, तुलनात्मक तक्ता काय सांगत होता. प्रश्न विचारला आणि सगळे "नाही" म्हणाले, हेही लिहा. पुढे खोटं निघालं तर "मला कोणी विचारलंच नाही" ही पळवाट राहत नाही.

अबोली

ऑडिटरकाका, समितीने सभा बोलावलीच नाही तर?

जुना ऑडिटर

एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी विषय लिहून, सह्या करून मागणी दिली की समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. नाही घेतली तर उपनिबंधकांकडे जाता येतं. चौकशीच हवी असेल तर कलम ८३ आहे, तिथेही एक पंचमांश. पण ती शेवटची वाट. चौकशी लागली की बिल्डिंगमध्ये दोन तट पडतात आणि ओल तशीच राहते. तिसरामजला, तुमच्या ७२ त एक पंचमांश म्हणजे १५ सह्या. मागणीपत्रात खजिनदारांचं नाव घालू नका. विषय दोनच लिहा: वॉटरप्रूफिंगच्या हमीची अंमलबजावणी आणि पुढील ठेक्यांबाबत समिती सदस्यांनी द्यायची माहिती. पोच घ्या.

तिसरामजला

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतेय कारण सभा झाली.

२३ सह्या मिळाल्या. पहिली सही सातव्या मजल्यावरच्या काकूंची. काहींनी सही करताना खजिनदारकाकांना फोन करून सांगितलं की तुमच्याविरुद्ध नाहीये हं. मला ते आवडलं.

सभेत तापलं. "आजवर केलेल्या कामाचं हेच फळ का?" असं काका म्हणाले आणि खोलीत कोणाला बोलवेना. मी एवढंच विचारलं की काका, हमीचं पत्र तुम्ही लिहाल का? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला जड जातंय, दुसऱ्या कोणी लिहा." त्यानंतर सभा वेगळीच झाली.

हमीचा पाठपुरावा समितीबाहेरच्या दोन सभासदांकडे दिला. त्यातले एक सिव्हिल इंजिनीअर आहेत. पत्र दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेलं. ठेकेदार येऊन पाहून गेला आहे, पाऊस पूर्ण थांबल्यावर पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेचा भाग पुन्हा करून देतो असं त्याने लेखी दिलंय.

ठराव असा झाला. यापुढे समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय हितसंबंधाच्या घोषणेचा असेल आणि उत्तर इतिवृत्तात येईल. ज्या ठेकेदाराशी, पुरवठादाराशी किंवा सल्लागाराशी समिती सदस्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा आर्थिक संबंध वा जवळचं नातं आहे, त्याचं कोटेशन घेतलं जाणार नाही. घ्यायचंच असेल तर त्या सदस्याने आधी समिती सोडायची. निवडीपूर्वी जीएसटी आणि पॅनवरून मालकी तपासून तो कागद तुलनात्मक तक्त्याला जोडायचा. राखीव रक्कम आणि हमी यांचे निर्णय ठेका मंजूर करणाऱ्या सभेनेच नेमलेली दोन माणसं घेतील, त्यांतलं एक समितीबाहेरचं. पाच जण तटस्थ राहिले, विरोधात कोणी नाही.

काका अजून खजिनदार आहेत. राजीनाम्याचा विषय कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही.

जुना ऑडिटर

ठराव चांगला आहे. 'जवळचं नातं' म्हणजे कोण ते ठरावातच लिहा, नाहीतर पहिल्याच वेळी त्यावर वाद होईल: पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, या सगळ्यांचे जोडीदार, आणि पती वा पत्नीची भावंडं.

खजिनदारांबाबत मी वेगळ्या मताचा आहे. हमी सात वर्षांची आहे. समितीची मुदत संपून नवी समिती आल्यावरही ती चालू असेल. त्यांनी निदान खजिनदारपद तरी दुसऱ्याकडे द्यायला हवं. सदस्य म्हणून राहायचं का हा उपविधीचा प्रश्न आहे आणि तो सभेने टाळला म्हणून मिटत नाही. कोणी उपनिबंधकांकडे अर्ज केला तर तो तिथे उघडेलच.

तिसरामजला

खरं आहे. काल मी काकांकडे गेले होते, हेच बोलायला. उपविधीतलं ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, चहा दिला आणि म्हणाले, हे मला निवडून आलो तेव्हा कोणी दाखवलं नव्हतं. पुढच्या बैठकीत चेकच्या सह्यांचा अधिकार बदलण्याचा ठराव ते स्वतः मांडणार आहेत. नात्यांची यादी ठरावात घालून दुरुस्त मसुदा उद्या फिरवते. सिंहगडरोड, तुम्हाला हवा असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

सिंहगडरोड

हो, नक्की पाठवा. आमची सल्लागाराची कोटेशनं याच आठवड्यात उघडायची आहेत, त्याआधी मिळाला तर बरं होईल.